लवकर संपलं की आणखी दहा

"शिकवते कुठे? सारखी घड्याळच बघत असते," वहिनी स्वयंपाकघरात आईला सांगत होती.

मी पलीकडे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मधे फक्त पडदा होता. समोर माझी नऊ वर्षांची भाची वजाबाकी करत होती. तिनेही ऐकलं असणार, पण तिने मान वर केली नाही. मला ते बरं वाटलं.

"हौ, पण बसते ना रोज," आई म्हणाली. "बोलत नाही, एवढंच."

वहिनीचं खोटं नव्हतं. मी घड्याळ बघतच होते. आम्ही दहाला बसायचो. दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत भाचीची गणितं सरळ यायची. त्यानंतर पेन्सिलीचं टोक जायचं. मग खोडरबर खाली पडायचा आणि टेबलाखाली फार दूर जायचा. साडेदहाला पाणी, पावणेअकराला बाथरूम, मग एकाच आकड्यावर पुन्हापुन्हा गिरवणं. मी हे वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवत होते. कोणाला दाखवायचं ठरवलं नव्हतं. दाखवायचं म्हटलं की कॉलेजच्या सवयीने मनात आधी इंग्रजी वाक्य तयार व्हायचं, आणि त्याचं मराठी होईपर्यंत घरातला विषय बदललेला असायचा.

दादा त्या दिवाळीनंतर पुण्याची सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून हैदराबादला, आमच्या हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये परत आला होता. नवी कंपनी परदेशी भागीदारीतली होती. पगार, टाय, ऑफिसची गाडी, सगळं झालं. राहिली ती मुलीची शाळा. वर्ष अर्धं झाल्यावर कुठेच घेईनात. एका शाळेने सांगितलं, मार्चमध्ये एक तासाचा गणिताचा पेपर द्या, जमला तर जूनपासून चौथीत घेऊ. तोवर तिला घरीच शिकवायचं ठरलं. माझं बीएस्सी गणितात झालं होतं.

"तू घरीच तर आहेस," दादा म्हणाला. मी मान हलवली.

रोजचे दोन तास हे त्यानेच ठरवलं. आमच्या गल्लीत तेव्हा दर दोन इमारतींआड एक कोचिंग उघडलं होतं. "बाहेर दोन तास घेतात. आपण घरात कमी का घ्यायचे? आता दिवस कॉम्पिटिशनचे आहेत." सकाळी बूट घालता घालता तो कॉम्प्युटरच्या कागदावर वीस गणितं लिहून जायचा. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला तो कागद ऑफिसातून गठ्ठ्याने यायचा. भाची त्या पट्ट्या फाडायची. सावकाश, एकही भोक न तुटू देता. मग दोन पट्ट्या एकीवर एक दुमडून स्प्रिंग करायची. मी पहिल्या आठवड्यात तिला त्यावरून रागावले. नंतर सोडून दिलं, कारण स्प्रिंगला पाचच मिनिटं लागायची आणि पेन्सिलीला दहा.

माझी चिडचिड वाढत होती. मी तिला भागाकार तीन तऱ्हांनी समजावला. तिला येतो असं वाटायचं आणि अकराच्या सुमाराला येत नाही असं वाटायचं. ती आळशी आहे असं मला वाटे, आणि कधी मलाच शिकवता येत नाही असंही. दुपारी जेवताना आई विचारायची, "झाली का सगळी?" तेरा झालेली असायची, कधी चौदा. वहिनी वाढता वाढता भातवाढी जोरात आपटायची.

जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षीचं जत्रेसारखं प्रदर्शन लागलं. एका शनिवारी दादा लवकर यायचा होता. सकाळी वहिनीने टेबलाशी येऊन सांगितलं, "वीसच्या वीस झाली तर संध्याकाळी जायचं. नाही तर मी आणि आजी जाऊ."

भाचीने कागद पुढे ओढला. पट्ट्या फाडल्या नाहीत. मी घड्याळाकडे बघितलं, सवयीने. वीस गणितं तिने अठरा मिनिटांत केली. मी दोनदा तपासली. एकही चूक नव्हती. भागाकारसुद्धा.

"आत्या, झालं," ती म्हणाली.

वहिनीने कागद उचलून आईला दाखवला. "बघा! येतं की नाही सगळं? नाटकं नुसती." संध्याकाळी दादानेही बघितला. प्रदर्शनात त्याने तिला मोठ्या पाळण्यात बसवलं, मिरची भजी घेऊन दिली. आणि सोमवारी सकाळी कागदावर चाळीस गणितं लिहून गेला.

त्या सोमवारी दोन तासांत अकरा झाली.

मला राग आवरेना. "परवा भराभर केलीस ना? मग आज काय झालं?" माझा आवाज चढला. तसा तो घरात कधी चढत नसे, त्यामुळे तो मलाच परका वाटला.

तिने आधी पडद्याकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "आत्या, लवकर केलं की अजून देतात. हळू केलं की तेवढीच राहतात."

"कोण देतं?"

"बाबा. आई पण." मग माझ्याकडे बघून, "तू पण."

मी वही उलटून मागची पानं बघितली. डिसेंबरात एकदा तिची वीस गणितं अकराच्या आत झाली होती. खाली माझ्या अक्षरात होतं: वेळ उरला, आणखी दहा. दुसऱ्या दिवशी सोळा झाली होती. तिसऱ्या दिवशी बारा. मी तेव्हा तिच्या चुका शोधत बसले होते, पेन्सिल आणि रबर मोजत होते. त्याच पानावर, वरच्या ओळीत माझी चूक होती आणि ती मला दिसली नव्हती. पोरीने आमच्या घराचा नियम दोन दिवसांत ओळखला होता. आमच्यापैकी कोणालाच तो माहीत नव्हता.

मग मी माझी ती आणखी दहा बंद केली. पण दादाची चाळीस चालूच होती. हे त्याला सांगायचं मी रोज ठरवायचे. तो बूट घालताना मी दाराशी जाऊन उभी राहायचे. "काय गं?" तो विचारायचा. "काही नाही," मी म्हणायचे. आणि ही माझी गप्प बसायची सवय तिच्या हळूपणासारखीच आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. तेवढंच राहावं, वर काही येऊ नये, म्हणून.

मार्चमध्ये पेपरला नऊ दिवस असताना, रविवारी दादाने सराव परीक्षा घेतली. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तीस गणितं, एक तास. आई आणि वहिनी पडदा सारून उभ्या राहिल्या. भाचीने समास आखला. समासाशेजारी आणखी एक रेघ आखली. प्रत्येक उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. ती वेळ काढत नव्हती. मी तिचा चेहरा बघत होते, तिला खरंच घाई करायची होती. पण चार महिन्यांत आम्ही तिच्या हाताला जे शिकवलं होतं तेच हात करत होता.

तास संपला तेव्हा बारा झाली होती. बाराही बरोबर.

"बारा?" दादा म्हणाला. "तीसमधली बारा? अशाने सीट मिळेल?"

"मी काय सांगते रोज," वहिनी म्हणाली.

भाची घड्याळाच्या पट्ट्याकडे बघत होती. रडली नाही. दादाने घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. "ठीक आहे. उद्यापासून तीन तास. नऊ ते बारा. साठ गणितं देऊन जातो."

हे ऐकल्यावर तिने काय केलं, तर नवं पान काढलं, पट्टी ठेवली आणि समास आखायला घेतला. अगदी सावकाश.

माझ्या मनात इंग्रजी वाक्य तयार झालं नाही. काहीच तयार झालं नाही. मी तिच्या हाताखालची पट्टी काढून घेतली.

"दादा, तिला सगळं येतं. आपण तिला हळू करायला शिकवलंय, मीसुद्धा. उद्यापासून फक्त वीस गणितं, आणि झाली की ती खेळायला जाईल, भले दहा मिनिटांत होवोत. वर एक जरी दिलंस, तर उद्या ऑफिसला जाऊ नकोस, तूच बस तिच्याजवळ."