पहिला झटका माग कुणाचा?

परवा कॉलेजात माझ्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. विषय होता, स्वातंत्र्याआधी शहापुरातल्या आमच्या गल्लीत झटका माग कसा आला... म्हणजे आडवं सूत नेणारा धोटा हातानं टाकण्याऐवजी दोरीच्या झटक्यानं पळवणारा माग.

मी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला आहे, मागाची रचना नीट मांडली. पहिला माग माझ्या पणजोबांनी आणला, असंही लिहिलं. गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या विणकरांनी वेगवेगळ्या वेळी तेच सांगितलं होतं. शिवाय खंडेनवमीला मागांच्या पूजेचा पहिला नारळ आमच्या घरचा... तो मान पहिल्या मागाचा.

शेजारच्या, नव्वदीला टेकलेल्या गंगाक्का तेवढ्या वेगळं म्हणाल्या होत्या. "पयला माग माझ्या आप्पाचा. त्येच्या खडखडाटातच मी झोपायची."

मी नोंद केली, 'मुलगी आहे, हितसंबंध'... आणि वगळलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "त्या तिघांना हे कुणी सांगितलं?" मी ते विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी परत तिघांकडे गेले. उत्तर एकच. "तुझ्या पणज्यानंच की गं! दर खंडेनवमीला सांगायचा."

म्हणजे माझे तीन पुरावे आमच्याच घरातून निघाले होते.

घरी अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. कांडीवर सूत भरता भरता ते म्हणाले, "व्हय, तिच्या आप्पाचाच पयला. धंदा बसला तवा त्यानं आमच्या आज्जाला इकला. मागाबरोबर मानबी आला."

"आणि तुम्ही सगळे गप्प?"

"मान कोण सोडतंय गं?"

गंगाक्कांना लावलेली कसोटी मी स्वतःच्या घराला लावली नाही. सगळ्यात मोठा हितसंबंध माझाच होता... आणि तो मला दिसलासुद्धा नाही.

काल गंगाक्कांकडे गेले. चुकलं म्हणून सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंजिनेर हुणार म्हणं तू. त्या दिवशी माझं आयकत हुतीस, का नुसतं लिव्हत हुतीस?"

मी वही मिटून ठेवली.

मग उंबऱ्यावरच बसवून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आप्पांचं नाव दोनदा सांगितलं, माझ्याकडून म्हणवून घेतलं. चहा विचारला नाही... तो विचारायचं कारणही नव्हतं. तरी बोलल्या, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.