दारामागचा जोडा

शुद्धीवर आले तेव्हा पाटलाचा जोडा माझ्या नाकावर होता. तोंडात माती, रक्त. लुगडं ओलं. वेचलेला कापूस पऱ्हाटीत सांडलेला. बाया गोल करून उभ्या.

"माह्या जोड्यात लय गुण आहे," पाटील म्हणाला. बाया हसल्या. जोडा त्यानं माझ्या सासूच्या पदरात टाकला. "ने घरी. लागन पुन्हा."

सासूनं तो जोडा कपाळाला लावला.

दर्यापूरजवळचं आमचं गाव. मी चौथी शिकलेली, लग्नाला वर्ष झालेलं. घरात समोर बुद्धाची तसबीर आणि दारामागं खिळ्याला पाटलाचा जोडा. देवदेव, गंडेदोरे सोडलेल्या घरात हे. मिरगीवर मोठ्या माणसाचा जोडा लवकर गुण देतो म्हणे. मी पडत राहिले, तो नाकाला लागत राहिला. पाटील मेला. सासू मेली. चामडं वाळून लाकूड झालं. कोणी काढला नाही. मीही नाही. मिरगीत मी शुद्धीवर नसे. काय घडलं ते लोक सांगत, ते मी खरं धरी.

म्हातारपणी अमरावतीला तपासणी झाली. मिरगी येणाऱ्या पुष्कळांच्या मेंदूचे फोटो तिथे काढत होते. मशीनमध्ये मला निजवलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर रेघांचं जाळं दाखवलं.

"आजी, मेंदूचे भाग एकमेकांशी सारखे बोलत असतात. मिरगीवाल्यांत ही जोडणी कुठे सैल सापडते, कुठे जास्तच घट्ट."

"पण मी तं निजून होती. मिरगी कुठं आली?"

"शांत असतानाही तसंच सापडतं."

"मंग मिरगीनं हे झालं, का याच्यानं मिरगी आली?"

"ते आम्हालाही अजून पक्कं माहीत नाही."

माहीत नाही असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मग मी जोड्याचं विचारलं.

"मिरगी बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आजी. जोडा असो नसो. पाच मिनिटांवर गेली तर मात्र दवाखाना."

मी ऐकलं. विश्वास बसला नाही.

मग नात. नववीतली. पोळी लाटताना तिचं लाटणं मधेच थांबे. डोळे उघडे, आत कोणी नाही. "ध्यान कुठं आहे वं तुहं?" माझा मुलगा ओरडे. मी ओळखलं होतं. बोलले नाही. ती चूक माझी.

एका सकाळी ती अंगणात कोसळली. अंग ताठ, तोंडाला फेस. मिरगी मी बाहेरून पहिल्यांदा पाहिली. मुलगा सरळ खिळ्याकडे धावला. जोडा घेऊन आला तशी मी मधे उभी राहिले.

"बाजूले हो, माय!"

"तिच्या नाकाले लावशीन तं त्याच जोड्यानं तुले झोडपीन."

पोरीला कुशीवर वळवलं. डोक्याखाली लुगड्याची घडी दिली. उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. एक मिनिट. ओठ निळे पडत चालले. मुलगा जोडा धरून रडत होता. डॉक्टरीण खोटी निघाली तर? दुसरं मिनिट भरत आलं आणि हात सैल पडले. घोरल्यासारखा श्वास आला.

जोडा मुलाच्या हातातच होता.

म्हणजे माझीही अशीच थांबत होती. दर वेळी. आपली आपण.

त्याच दिवशी तिला अमरावतीला नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी जोडा घेऊन मी पाटलाच्या ओसरीवर गेले. त्याचा मुलगा बाहेर आला.

"काय होय हे, बुढे?"

"तुह्या बापाचा जोडा. आमच्या नाकाले लय वर्षं राह्यला."

ठेवला आणि निघाले. मागं पाहिलं नाही.

गोळ्या आता तसबिरीखाली उघड्यावर असतात. शाळेत सांगायला मीच गेले. सोयरीक घेऊन येईल त्याला आधी मिरगी सांगीन, मग चहा.

ती पुन्हा पडेल कदाचित. आत काय चाललं आहे, कोणाला दिसत नाही. मी घड्याळाखालीच बसते. पण ती डोळे उघडेल तेव्हा तिच्या नाकाशी कोणाच्या पायातलं काही नसेल. दारामागचा खिळा मी उपटला आहे.