थेट बॅटरीवरून

जानराव तायडे पोलिसांच्या वायरलेस विभागातून निवृत्त झाले आणि अमरावतीच्या घरात त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. नोकरीभर खुर्चीत बसून कानानं जिल्हा राखलेला माणूस. घरी ऐकायला काही उरलं नाही आणि हा गडी एका जागी टिकेना. चहा अर्धा टाकून फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, गॅस बंद आहे का बघायचं, रस्त्यावर कुणी ब्रेक मारला की चप्पल न घालता धावायचं.

"घडीभर बसा ना वो! मुंग्या चावून राहिल्या का तुमाले?" त्यांच्या पत्नी इंदूबाई वैतागायच्या.

त्यात मुलगी नीलम डॉक्टर झाली आणि चिखलदऱ्याच्या एका संस्थेत फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर रुजू झाली. मग तर विचारूच नका! मेळघाटात घाटाखाली उतरलं की मोबाइलची रेंज जाते ती परत वर येईपर्यंत. रोज पोरगी घाट उतरायची आणि रोज तिकडे अमरावतीत जानरावांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी संस्थेनं परवाना काढून वायरलेस घ्यायचं ठरवलं. कार्यालयात एक मोठा सेट, त्याची हाक कंट्रोल; दोन गाड्यांत दोन, नीलमच्या गाडीची हाक फिरता एक. बसवायला माणूस हवा, कार्यालयात ऐकत बसायलाही माणूस हवा. हे कानावर पडायचा अवकाश, जानराव बॅग घेऊन चिखलदऱ्याला हजर. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या ज्योत्स्नाताईंना त्यांनी "जयभीम ताई" केलं आणि बसायच्या आधी विचारलं, "गाडी कुठी हाये?"

पहिला आठवडा सेट तात्पुरता चालवला, मग पक्का बसवायची वेळ आली. आता गाडीतल्या सेटला वीज द्यायचे दोन रस्ते. एक थेट बॅटरीवरून. जाड लाल-काळी वायर, बॅटरीजवळ फ्यूज, आणि चावी असो नसो, सेट आपला जागा. दुसरा चावीवरून. मधे एक रिले बसवायचा. चावी फिरवली की तो टक् करून बॅटरीची वाट मोकळी करतो, चावी काढली की सेट झोपला. तिसरा एक रस्ता आहे, सिगारेट पेटवायच्या सॉकेटमधून, पण तो वापरणाऱ्याचं तोंडही पाहू नये असं जानरावांचं मत होतं.

"थेट बॅटरीवरून. यात इचारायचं काय?" बॉनेटमध्ये डोकं घालून जानराव म्हणाले.

"चावीवरून," नीलम म्हणाली.

जानरावांनी डोकं बाहेर काढलं. "अन् गाडी घाटात बंद पडली त?"

"त चावी फिरवीन. इंजिन बंद असलं तरी चावीवर सेट लागते ना?"

लागतो. जानरावांना ते तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून तर राग आला.

"पण गाडी उभी हाये, तू आत पेशंट पाहून राहिली, अन् मले काई सांगायचं असलं त?"

"तेच त नको ना, बाबा!"

पोरीचंही खरं होतं. आदल्या आठवड्यात सेट तात्पुरता जोडून दिला होता, तेव्हाचीच गोष्ट. एका वस्तीवर ती बायांना तपासत होती आणि बाहेर गाडीतून जानरावांचा पोलिसी आवाज घुमला, "फिरता एक, फिरता एक, जेवण झालं का, ओव्हर." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते कमी होतं म्हणून दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं मधेच कळवलं, "माझं झालं, ओव्हर."

"मी लहान पोट्टी नाई राहिली," नीलमचा आवाज चढला. "मी काम करून राहिली अन् तुमी माह्या मागं मागं. मले श्वास घेता येत नाई, बाबा. चावी काढली की सेट बंद. एवढं करा, नाईतर अमरावतीले जा. खरंच सांगून राहिली मी."

अमरावतीला जा म्हणजे पुन्हा फाटक ते गॅस, गॅस ते फाटक. जानरावांनी रिले बसवला. तिच्यासमोर चावी लावली, सेट लागला. चावी काढली, सेट विझला. "केलं तुह्या मनासारखं," ते म्हणाले. नीलमनं हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जेवायला गेली.

ती वळणाआड होईपर्यंत या बाबानं वाट पाहिली आणि मग डॅशबोर्डखाली आडवं पडून सेटची लाल वायर रिलेच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या वायरला जोडून टाकली! चावी काढल्यावर उजेड दिसू नये म्हणून सेटच्या दिव्यावर काळी टेप चिकटवली. गाडीचा ड्रायव्हर देवमन पाना पुसत सगळं बघत होता.

"मॅडम उतरल्या की आवाज बारीक करून ठेवजो. बंद नको करू," जानरावांनी त्याला बजावलं.

"मॅडमले समजलं त?"

"कोन सांगते तिले? तू का मी?"

साहेबांपुढे देवमन काय बोलणार? काही दिवस हे नाटक झकास चाललं. नीलम वस्तीत शिरली की देवमन गाडीत बसून कुजबुजायचा, "मॅडम जेवल्या. दोन पोळ्या, वरण."

"पानी उकळलेलं व्हतं का?"

"साहेब, ते कसं इचारू मी?"

जानरावांचं पोट भरायचं नाही. पुन्हा घटकाभरानं माईकची बोलायची कळ दाबायची, पुन्हा विचारायचं. पोरीला फसवतोय हे मनात टोचत होतं, नाही असं नाही. पण तिचा ठावठिकाणा कळला की ते टोचणं मागं पडायचं आणि माणूस पुढचा प्रश्न शोधायला लागायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर घाटाखालच्या एका वस्तीवर तीन दिवसांचं शिबिर लागलं. गाडी एका जागी उभी, इंजिन बंद, आणि सेट मात्र रात्रंदिवस चालू. ऐकायला सेट थोडंच खातो. बोलायला मात्र त्याला मोठा घास लागतो, आणि जानराव देवमनला बोलायला लावतच होते. बॅटरी आधीच जुनी. जन्मभर सेट जोडलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं. काळजीपुढे आठवत नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवमन बोलेनासा झाला.

"फिरता एक, कंट्रोल बोलून राहिलो." काही नाही. जानरावांनी पुन्हा हाक दिली. उठले, अँटेनाची तार हलवून पाहिली, बसले, पुन्हा उठले. दुसऱ्या गाडीला हाक दिली तर तिचं उत्तर खणखणीत आलं. म्हणजे इकडचा दोष नव्हता. गाडी दरीत गेली असेल? देवमनला काही झालं असेल? पोरगी कुठं आहे?

ज्योत्स्नाताई समोरच औषधांचे खोके लावत होत्या. "काय झालं, काका?"

"फिरता एक बोलत नाई."

"गाडी उभी असल ना शिबिरात. चावी काढली असल. तुमीच त तसं जोडून देलं."

आता बोला! सगळ्या चिखलदऱ्यात एकट्या जानरावांना माहीत होतं की हा सेट कधी बंद होतच नाही. तो मुका झाला याचा अर्थ एक तर बॅटरी उतरली, नाही तर त्याहून वाईट. सांगावं तर चोरी उघडी पडते, पोरगी कायमची तुटते, बिऱ्हाड अमरावतीला. न सांगावं तर... पुढचं त्यांच्या डोक्यात पुरं होईना. ते व्हरांड्यात गेले. आत आले. पाण्याचा पेला भरला, तसाच ठेवला. पुन्हा हाक दिली. ताई खोके लावतच होत्या.

"ताई," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज एवढा चिरका निघाला की ताई दचकल्या. "तो सेट चावीनं बंद होत नाई. मी थेट बॅटरीवर जोडला. फसवलं मी पोरीले. काईतरी झालं हाये तिकडं, दुसरी गाडी पाठवा. पाया पडतो तुमच्या."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलायचं बरंच असावं, पण त्यांनी माईक ओढून घेतला आणि दुसऱ्या गाडीला जिथं होती तिथून वस्तीकडे वळवलं.

त्या गाडीला नीलम कच्च्या रस्त्यावरच भेटली. एक बाई अडली होती, मूल आडवं होतं. धारणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला म्हणून देवमननं सेल्फ मारला तर नुसतं टक्, टक्. चढावर ढकलूनही गाडी लागेना. मग चार जणांनी बाईला खाटेवर घेतलं आणि डांबरी रस्त्याकडे चालू पडले, नीलम सलाईनची बाटली उंच धरून शेजारून. डांबरी रस्ता अजून बराच लांब होता. गाडीत घातली म्हणून बाई वेळेत पोचली. बाई वाचली, बाळही वाचलं. हा निरोप सेटवर आला तेव्हा जानरावांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करून नीलम परतली. साडीवर वाळलेली माती, डोळे लाल. तिनं सरळ विचारलं, "बाबा, गाडी मागवली नवती मी. तुमाले कसं समजलं?"

ज्योत्स्नाताई काही बोलल्या नव्हत्या. देवमन तर गाडीमागेच उभा होता. बॅटरी जुनी होती म्हणायला कुणाची हरकत नव्हती. जानराव म्हणाले, "बॅटरी माह्याच्यानं उतरली. थेट जोडला व्हता मी. तुले खोटं सांगतलं."

नीलम गाडीच्या पायरीवर बसली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, तो त्यांना झेपला असता.

"ती बाई मेली असती, बाबा," ती म्हणाली. "तुमच्याच्यानं. अन् गाडी आली तेई तुमच्याच्यानं. मी रागवू तरी कशी?"

ती रडत आत गेली. जानराव पक्कड घेऊन डॅशबोर्डखाली शिरले. दोनदा पक्कड पडली. त्यांनी वायर रिलेवर घेतली, दिव्यावरची टेप ओरबाडून काढली आणि देवमनच्या हाती चावी दिली. त्यानं चावी लावली, सेट लागला. चावी काढली, सेट विझला.

नवी बॅटरी घालून गाडी पुन्हा घाट उतरली तेव्हा नीलम त्यांच्याशी बोलली नव्हती. "फिरता एक, पोचलो," एवढं देवमन म्हणाला आणि सेट बंद झाला. मग दिवसभराची ती शांतता! जानरावांनी खोली झाडली. कप धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. माईकला हात लावला नाही. हात जायचा, ते मागे घ्यायचे. संध्याकाळी बॅग भरावी असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

उन्हं कलताना सेट खरखरला. "कंट्रोल, फिरता एक." नीलमचा आवाज होता. "बाबा, गाडी चालू हाये. बॅटरी भरून राहिली. बोला काय बोलायचं ते."

आणि आता गंमत बघा, दिवसभर प्रश्नांनी ज्याचं डोकं फुटायला आलं होतं त्या माणसाला एक प्रश्न आठवेना.

"काई नाई, माय," ते म्हणाले. "तू सांग."

मग ती सांगायला लागली. आपण होऊन, पहिल्यांदाच. कुणाला ताप होता, कुण्या म्हातारीनं मोहाची फुलं ओच्यात घातली, देवमनचा चष्मा कसा फुटला. घाटाची वळणं येत होती, आवाज तुटत होता, पुन्हा लागत होता. वरच्या वळणावर ती थांबली.

"त्या दिवशी गाडी लागली नाई ना, बाबा, तवा सेटकडं हात गेला माह्या. चावी फिरवली तरी तो मुकाच. तुमी फिरता एक म्हणून हाक मारावी, एवढंच वाटून राहिलं व्हतं मले."

जानरावांनी उत्तर द्यायला कळ दाबली. कळ दाबलेली असेपर्यंत इकडचं सगळं गाड्यांत ऐकू जातं, पण ती सोडायचं भान राहिलं नाही. म्हातारा हमसून हमसून रडला आणि घाटातल्या दोन्ही गाड्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.