चार नंबरचा फोटो

सायकॉलॉजीच्या पोस्टरला पहिला नंबर मिळाला की अब्बा गल्लीभर पेढे वाटतील, असं मुस्कानला वाटलं होतं. नंबर मिळाला, पण आता पेढ्यांचं नाव काढायचीही तिला लाज वाटत होती.

विषय झकास होता. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदारसुद्धा चुकतो आणि त्याच्या शब्दावर कोर्टात भलताच माणूस अडकतो, हे दाखवायचं. बेत तिचा आणि मैत्रीण मुबशिराचा. मुबशिराच्या ओळखीचा राजवीर नाटकात काम करायचा. त्यानं खोटी मिशी लावून भर तासाला वर्गात शिरायचं, मॅडमची पर्स उचलायची आणि धूम ठोकायची. पुढच्या आठवड्यात वर्गाला मिशीवाल्यांचे सहा फोटो दाखवून विचारायचं, यातला चोर कोण? मेख अशी की सहा फोटोंत राजवीर नसणारच.

पाच फोटो मुबशिरानं रीतसर विचारून आपल्या नात्यातून जमवले. सहावा मुस्कानच्या मोबाइलमध्येच होता, आकाराममामांचा.

आकाराममामा रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर यायचे. गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचे. मुस्कानचे वडील हुसेन गादी-कुशनचं दुकान बंद करून तिथं टेकायचे, ते तिच्या जन्माच्या आधीपासून. तिची आई दवाखान्यात होती तेव्हा मामा दोन्ही वेळा दूध घेऊन दारात हजर. सख्खा मामा करणार नाही एवढं त्यांनी केलं होतं.

"फोटोवाल्यांना विचारलंय ना?" सायकॉलॉजीच्या त्रिशला मॅडमनी बजावून विचारलं होतं.

"हो मॅडम, घरचेच आहेत सगळे," मुस्काननं ठोकून दिलं. मामांना काय विचारायचं? परक्याला विचारतात. घरच्या माणसाला गृहीत धरायची ही आपली जुनी खोड, आणि वर त्यालाच आपण माया म्हणतो.

ठरल्याप्रमाणं राजवीरनं पर्स पळवली, आणि पुढच्या आठवड्यात निम्म्याहून जास्त वर्गानं बेधडक चार नंबरवर बोट ठेवलं. चार नंबर म्हणजे आकाराममामा! मुस्काननं आनंदानं टाळ्या वाजवल्या. पोस्टरवर तोच फोटो मोठा केला, भोवती लाल गोल काढला, वर ठसठशीत लिहिलं, 'हाच तो चोर!' खरा खुलासा खाली, बारीक अक्षरात.

प्रदर्शनात कुणीतरी पोस्टरचा फोटो काढला. खालचा भाग कापून तो पुढं ढकलला. दोन-चार दिवसांत मुस्कानच्याच गल्लीच्या ग्रुपवर तो येऊन पडला. खाली लिहिलं होतं, 'दूधकट्ट्यावर पाकीट सांभाळा.' तिनं अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी नुसत्या चपला घातल्या आणि तिला घेऊन कट्ट्याकडं निघाले. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

कट्ट्यावर शेजारच्या गवळ्याकडं गर्दी होती. मामांच्या म्हशींजवळ कुणी नव्हतं.

"मामा, तो फोटो मी लावला," मुस्कान म्हणाली. मान वर होईना.

"वळखला मी. म्हस व्यालती त्या दिशी तूच काढलातास की." मामांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता. "काय लिवलंयस त्येच्यावर?"

"लोकांना तुम्ही चोर वाटलात, पण तुम्ही नव्हता, असं."

"मग मी न्हाय, हे कुठं लिवलंयस?"

"खाली."

"खालचं कोण वाचतंय, पोरी?" मामा म्हणाले. "इचारलं असतंस तर न्हाय म्हणलो असतो व्हय मी?"

"आकाराम, पोरीची चूक झाली," हुसेन म्हणाले.

अब्बांचा पडलेला चेहरा मुस्कानला बघवेना. ती तिथंच उभी राहिली आणि गर्दीकडं वळून मोठ्यानं सांगू लागली, की हा फोटो तिनं न विचारता लावलाय, मामांनी काही केलेलं नाही, चोरी झालेलीच नाही. कानशिलं तापली, पण तिनं शेवटपर्यंत सांगितलं. लोकांनी ऐकलं. "व्हय व्हय, कळलं की," एकजण म्हणाला आणि लेकराचा हात धरून शेजारच्याच गवळ्याकडं गेला.

मामांनी धार काढली आणि ग्लास तिच्या पुढं केला. "पी. रडू नको."

ती कट्ट्यावर बसली. पर्स शेजारी ठेवली. एकेक घोट दूध पीत गेली, तसं मनावरचं ओझं थोडं हललं. तिच्या पलीकडं वैरणीची पेंडी होती. ती घ्यायला मामा मागून वाकले, त्यांचा हात तिच्या बाजूनं पुढं आला, आणि मुस्काननं चटकन पर्स मांडीवर ओढून घेतली.

तिचं तिलाच कळलं तेव्हा उशीर झाला होता. मामांनी पाहिलं होतं.

त्यांनी हात मागं घेतला. दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले.

"ती पेंडी तूच दे गं इकडं," ते म्हणाले.