धुतलेला पाग

पनवेलच्या एका जुन्या वाचनालयात मी बरीच वर्षं ग्रंथपाल होते. पूर्वी जुनी मासिकं रचून ठेवायचो त्या मागच्या खोलीत आम्ही एक छोटं संग्रहालय केलं होतं. त्याला संग्रहालय म्हणायची मला सुरुवातीला लाजच वाटायची. दोन कपाटं, एक लांब टेबल आणि लोकांनी आणून दिलेल्या वस्तू, एवढंच होतं तिथे. भात मोजायची लाकडी मापं, रंधे, बैलांच्या घंटा, कुणाच्या आजेसासूचं तांब्याचं तपेलं. विमानतळासाठी आजूबाजूची गावं उठणार हे नक्की होत गेलं, तशा वस्तू वाढल्या. घर हलवताना जे टाकवत नाही आणि नव्या घरात मावत नाही, ते लोक आमच्याकडे आणायचे.

मावशीही तशाच आल्या. खाडीकाठच्या एका गावातून दर गुरुवारी त्या सुकी मासळी घेऊन बाजारात बसायला येत. एका गुरुवारी पोत्यात गुंडाळून त्यांनी नवऱ्याचा पाग आणला. पाग म्हणजे हाताने फेकायचं वाटोळं जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. हा सुताचा होता, त्यांच्या नवऱ्याने स्वतः विणलेला, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलेला. नवरा जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मुलगा म्हणाला होता, नव्या घरात हे कुठे ठेवणार. मी वहीत नोंद केली. वस्तूचं नाव, कशाची, माप, कुणी दिली, स्थिती. स्थितीच्या रकान्यात लिहिलं: ‘जुनी, वापरलेली. कडेला एका जागी काळपट डाग.’

पुढच्या गुरुवारी बाजार आटोपल्यावर मावशी परत आल्या. बाहेरच्या नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि पाग बघू का म्हणून विचारलं. मी कपाट उघडून दिलं. त्यांनी पाग मांडीवर घेतला, कड बोटांमधून सरकवत नेली, एका ठिकाणी थांबल्या. तशाच थोडा वेळ बसल्या आणि मग घडी घालून परत दिला. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक गुरुवारी हेच. मी काउंटरवर पुस्तकं देत-घेत असे. त्या आत बसलेल्या असत. येताना कधी मला मूठभर सुकट कागदात बांधून आणत. आमच्यात फार बोलणं होत नसे. त्या कशापाशी थांबतात, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाने आमच्यासारख्या लहान लहान संग्रहांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. मी गेले. तिथे आमच्याच भागातले आणखी दोघं निघाले, आणि आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. एक होते चाचा. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, आणि दुकानावरच्या खोलीत त्यांच्या घरातल्या जहाजावर गेलेल्या माणसांची पत्रं, खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तकं, लोखंडी ट्रंका. दुसरे उरणकडच्या एका शाळेतले सर. शाळेच्या एका वर्गात त्यांनी मिठागराची अवजारं जमवली होती. माझं वाचनालय आणि चाचांचं दुकान यांत पाच मिनिटांचं अंतर, आणि भेट झाली ती मुंबईत, चहाच्या रांगेत.

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे दिवस होते. चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा बाकावर बसून टिपणं काढत होते. कागद कसा उचलायचा, कापडाला लागलेली कसर कशी ओळखायची, वस्तूचं वर्णन कसं लिहायचं. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून लहान होत्या, पण त्यांचा आवाज असा शांत की वर्गात कुणी कुजबुजत नसे. त्या म्हणाल्या होत्या, आधी बघा, मग लिहा, मग विचारा, आणि हात सगळ्यात शेवटी लावा. हे वाक्य माझ्या वहीत आजही आहे, खाली दोन रेघा मारून.

परत आल्यावर आम्ही तिघांनी महिन्यातून एका रविवारी भेटायचं ठरवलं, पाळीपाळीने एकमेकांच्या खोलीत. सरांचं अक्षर सुंदर, त्यांनी मला पाट्या लिहायला शिकवलं. मी चाचांची पत्रं क्रमवार लावून दिली. चाचांना लाकडातलं कळे, त्यांनी सरांच्या अवजारांना तेल लावायला शिकवलं. दुपारी चाचांच्या घरून जेवण येई. या कामात आपल्याला कुणी सोबती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत सरांनी एक नियम वहीत लिहिला होता: जे केल्यावर मागे फिरवता येत नाही, ते तिघांनी मिळून ठरवल्याशिवाय करायचं नाही. आम्ही तिघांनी खाली सह्या केल्या, हसत हसत.

दीड-दोन वर्षांनी मुंबईच्या बाईंचा निरोप आला. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढे काय केलं ते बघायला त्या येणार होत्या. चाचांची पत्रं एव्हाना नीट पाकिटांत गेली होती. सरांचा वर्ग तर बघत राहावा असा झाला होता. माझी खोली मला एकदम गबाळी वाटायला लागली. त्यात तो पाग. तांबूस-काळा, घडीवर धूळ, कडेला तो डाग. प्रशिक्षणात सुती कापड धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. मला वाटलं, हे आपल्याला येतं.

चाचांना विचारावं असं मनात आलं होतं, हे मी कबूल करते. पाच मिनिटांवर तर होते. पण ते म्हणतील, ‘थांबू या की, बाईच येतायत, त्यांनाच विचारू,’ हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. बाई आल्यावर दाखवायला माझ्या हातचं काहीतरी हवं होतं मला.

सोमवारी वाचनालय बंद असे. बॅटरीच्या दुकानातून मी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले, मोठ्या टबात सौम्य साबण घातला आणि पाग बुडवला. पाणी चहासारखं झालं. तीन वेळा पाणी बदललं. डाग मात्र हलेना. मग मऊ ब्रशने थोडं थोडं करत तासभर बसले आणि तो काढला. पंख्याखाली पांढऱ्या चादरीवर पाग पसरला तेव्हा मला खरंच समाधान वाटलं. इतका हलका, उजळ दिसत होता.

बाई बुधवारी आल्या. चाचांकडे, सरांकडे जाऊन माझ्याकडे शेवटी. पाट्यांचं कौतुक केलं. मग नोंदवही हातात घेऊन त्या पागापाशी गेल्या. त्यांनी विचारलं की इथे डाग लिहिला आहे, तो कुठे आहे. मी म्हणाले, काढला. त्यांनी विचारलं, कसला होता. मी म्हणाले, माहीत नाही. बाई पागावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मग पुढच्या कपाटाकडे वळल्या. चाचाही बरोबर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार.

मावशींनी हात धुतले, पाग मांडीवर घेतला. पहिल्यांदा म्हणाल्या, हलका लागतोय. मग कड बोटांतून सरकवायला लागल्या. पूर्ण फेरी झाली. पुन्हा सुरुवात केली, या वेळी हळू, एकेका शिशाच्या गोळीपाशी थांबत. मी काउंटर सोडून दारात येऊन उभी राहिले होते.

“बाई, ती जागा कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

मी विचारलं, कसली जागा.

त्यांनी सांगितलं. पाग फेकताना दोन्ही हातांत जाळं असतं, म्हणून कडेचा एक भाग दातांत धरावा लागतो आणि फेकताना बरोबर वेळेला सोडावा लागतो. नवऱ्याच्या तोंडात कायम तंबाखू. तीस-पस्तीस वर्षं रोज एकाच ठिकाणी दात लावून ती जागा काळी झाली होती, थोडी कडकही. त्या त्याला ओरडायच्या, जाळं घाण करतोस म्हणून. “फोटू नाय त्याचा एक बी,” त्या म्हणाल्या. “ही एक जागा हाय.”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “नीट बघा ना मावशी, असेल.”

हे मी का बोलले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी तिसरी फेरी केली. पाग डोळ्यांजवळ नेला, खिडकीच्या उजेडात धरला. मी बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी पाग खाली ठेवला आणि म्हणाल्या, “डोला गेला माझा. बोटाला बी काय समजत नाय आता.”

घडी मीच घातली. त्या गेल्या. त्या दिवशी आणलेली सुकट टेबलावर राहिली होती.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

रविवारची बैठक चाचांच्या खोलीत होती. मी दोघांना सगळं सांगितलं, दारात उभं राहून काय बोलले तेही. सर वहीकडे बघत बसले. पहिल्या पानावरच्या त्या नियमाचा त्यांनी उल्लेख केला नाही, आणि तेच मला जड गेलं. चाचा मग म्हणाले, “डाग गेला, तो आता येत नाही. पण ती बाई आपल्या डोळ्यांना दोष देत बसलीय. तेवढं ओझं तरी जाऊन उतरवा.”

मी हो म्हणाले आणि गेले नाही. या आठवड्यात ऑडिट, पुढच्या आठवड्यात नवी पुस्तकं, अशी कारणं पुरवत राहिले. तीन महिने गेले. शेवटी त्यांच्या गावी गेले तेव्हा अर्धी घरं पाडून झाली होती. देवळाजवळ सामान टेम्पोत भरणाऱ्या एका बाईने सांगितलं की मुलाचं घर बांधून होईपर्यंत म्हातारी विचुंब्याला लेकीकडे राहिली आहे.

विचुंब्याला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लेकीचं घर होतं. मावशी गॅलरीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून आनंदल्या. लेकीला म्हणाल्या, ह्या वाचनालयातल्या बाई, ह्यांच्याकडे तुझ्या बापाचा पाग हाय. लेकीने पाणी आणून दिलं आणि सहज सांगितलं की आईला मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, दोनदा. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने चांगले आहेत, पण तिला काही पटत नाही. पूर्वी दुपारी नातवाच्या स्वेटरचं विणकाम करायची, तेही सोडून दिलं. म्हणते, मला दिसत नाही, टाके चुकतील.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. मावशी, तुमचे डोळे ठीक आहेत. ती जागा उरलीच नव्हती. मी धुतली. मला घाण वाटली. तुम्ही शोधत होता तेव्हा मला माहीत होतं.

त्यांनी मग विचारलं, “साबनानं?”

“हो.”

“मी कधी धुतला नवता,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यावर बी नाय धुतला.”

आत कुकरची शिट्टी झाली. लेक उठून गेली. मी म्हणाले, मी पाग परत आणून देते, तुमचाच आहे, कागद तयार केला आहे. त्यांनी मान हलवली. “आता काय करू आनून? नुसतं जालं हाय आता. तुमीच ठेवा.” आवाजात राग नव्हता. मी रागाची तयारी करून गेले होते, त्यापुढे रडायची, माफी मागायची. त्यांनी त्याला वावच दिला नाही. उलट लेकीला हाक मारून म्हणाल्या, बाईंना चहा ठेव, लांबून आल्यात.

मी चहा प्यायले. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर बसले, तिथून उठायला वेळ लागला.

नंतर दोनदा गेले. त्या पावसाबद्दल, गुडघ्यांबद्दल, मुलाच्या नव्या घराच्या लादीबद्दल बोलल्या. विणकाम पुन्हा सुरू केलं होतं, एवढं मी पाहिलं. पागाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं की उलव्याला मुलाकडे गेल्या. पत्ता लेकीने दिला होता. मी त्या पत्त्यावर गेले नाही.

मुंबईच्या बाईंनी पुढच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं. काय चांगलं केलं ते सांगा, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं, जे वाटेल ते सांगा. मी ही गोष्ट सांगितली. लोक लिहून घेत होते. संपल्यावर एक तरुण मुलगी जवळ आली, तीही कुठल्याशा तालुक्यातला असाच एक लहान संग्रह सांभाळत होती. तिने विचारलं, कोणता डाग घाण आणि कोणता नाही, हे ओळखायचं कसं. तिचं पेन उघडं होतं. मी तिला म्हणाले की मला ओळखता येत नाही. ज्यांना येत होतं त्या मावशी माझ्यासमोर दर गुरुवारी येऊन बसत होत्या. तिने ते लिहिलं नाही. पेन बंद केलं आणि माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली.