हात लावायचा नाही

वस्तीतल्या पोरांच्या डोक्यात उवा झाल्या की त्यांच्या आया त्यांना वहिनीच्या दुकानात आणत, आणि तेही मागच्या दाराने. पुढच्या दाराला काच होती. कोणाचं पोर कशासाठी खुर्चीत बसलंय हे रस्त्यावरून दिसलं की दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. वहिनी पोराचं डोकं दिव्याखाली धरायची, बारीक चिमटा घ्यायची आणि बोलत बोलत सगळं निवडून काढायची. आयांना वाटायचं ही परोपकारी आहे. खरं म्हणजे तिला राहवत नसे, इतकंच. कोणाच्या खांद्यावरचा सुटलेला दोरा दिसला तरी तिचे हात शिवशिवायचे.

दुकान बंदराच्या चढावर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि केस वाळवायचं एक यंत्र, जे दोन थपडा खाल्ल्याशिवाय गरम होत नसे. नवरा वायरमन असूनही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तिच्या घरी रोज पडायचा.

ती खरी वहिनी एकाच बाईची, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेची. नणंद शाळेत गणित शिकवायची, म्हणून सारं गाव तिला 'बाई' म्हणायचं. वयाने मोठी असूनही ती भावजयीला 'वहिनी' अशीच हाक मारायची, आणि बाईंनी एकदा म्हटलं की ते नाव कायम. आता वहिनीला तिचं खरं नाव फक्त दवाखान्यात ऐकू यायचं.

निवृत्त झाल्यावर बाईंना घर खायला उठलं. लग्न केलं नव्हतं, शेजाऱ्यांशी पटत नव्हतं, आणि पिंगपाँगच्या चेंडूसारख्या इथून तिथे जाणाऱ्या गप्पांचा त्यांना तिटकारा. तेवढ्यात बंदरावर एक संशोधिका आली. समोरच्या खाडीच्या तोंडाशी प्रवाळाचा मोठा पट्टा होता. त्याची तब्येत कशी आहे, वाढतोय की मरतोय, हे दर महिन्याला तपासायचं होतं, आणि तेवढे पाणबुडे पगारावर ठेवायला तिच्याकडे पैसे नव्हते. म्हणून तिने पोहता येणाऱ्या साध्या माणसांना शिकवून तयार करायचं ठरवलं. बाईंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. पण पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, जोडी हवी, असा नियम. बाईंनी भावाला बोलावलं. भाऊ धक्क्याला बांधलेल्या होडीत बसूनच हिरवा पडला. त्याने उतरता उतरता सांगितलं, "ताई, हिला ने. ही लहानपणी कालव्यात पोहायची."

अशी नणंद-भावजयीची जोडी जमली. जमिनीवर त्या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. बाईंच्या मते वहिनी फार बोलायची, वहिनीच्या मते बाई फार मोजायच्या. पाण्याखाली मात्र एकीची हवा संपली तर ती दुसरीच्या टाकीतून घ्यायची होती. तोंडात नळी असल्यामुळे भांडताही येत नव्हतं. नवरा म्हणायचा, साऱ्या घराला अशा नळ्या आणून द्यायला हव्यात.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी संशोधिकेने फळ्यावर एकच ओळ लिहिली होती: बघायचं, मोजायचं, हात लावायचा नाही.

काम ठरलेलं. समुद्राच्या तळाशी लोखंडी खुंट्या रांगेने ठोकलेल्या होत्या; अशा एका रांगेला रेषा म्हणत, आणि दर जोडीला एक रेषा वाटून दिलेली होती. बाई पुढे जाऊन एका खुंटीपासून दुसरीपर्यंत मापाची फीत ताणत आणि फितीखाली काय काय येतं ते पाटीवर लिहीत: जिवंत प्रवाळ, मेलेलं, वाळू, दगड. वहिनी मागून यायची आणि फितीच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्यात दिसणारे जीव मोजायची. त्यात एक गोगलगाय होती, अंगठ्याच्या पेराएवढी, मळकट. ती प्रवाळाच्या फांद्यांच्या बुडाशी घोळक्याने चिकटते आणि जिवंत साल खरवडून खाते. मागे पांढरा, कोरा सांगाडा उरतो. अशा गोगलगायी थोड्या असल्या तर चालतं, फार झाल्या तर झुडूपच्या झुडूप संपतं.

दुसऱ्या खुंटीपाशी एक फांद्यांचं प्रवाळ होतं, गोल, घागरीएवढं, करड्या-जांभळ्या रंगाचं. वहिनीला ते एखाद्या दाट केसांच्या डोक्यासारखं वाटायचं. पहिल्याच वर्षी त्या डोक्यात तिला त्या गोगलगायी दिसल्या. तिने मोजल्या, पाटीवर लिहिल्या. मग ती पुढे जायला वळली आणि जाऊ शकली नाही. दोन बोटांनी तिने एक काढली. मग दुसरी.

पुढच्या खेपेला ती जाकिटाच्या खिशात भुवया कोरायचा जुना चिमटा घेऊन गेली.

तिचा हिशेब सरळ होता. आधी मोजायचं, लिहायचं, आणि मगच वेचायचं. म्हणजे आकड्यात खोट कुठे आली? बाई पुढे फितीवर नजर लावून असायच्या, त्या मागे वळून बघत नसत; मागे बघायचं काम वहिनीचं होतं. फांद्यांच्या आत दडलेल्याही वहिनी ओढून काढायची, खिसा भरायची आणि घरी येऊन दुकानाच्या दारातल्या कुंड्यांत ओतायची. आतला जीव वाळून जायचा, मुंग्या उरलंसुरलं नेत, शंख मातीवर पांढरे होत पडून राहत. गिऱ्हाइकं म्हणायची, कुंड्या काय छान सजवल्यात. नवऱ्याला मात्र दोन दिवस वास यायचा, म्हणून त्याला माहीत होतं.

वर्षं अशीच गेली. खाडीच्या इतर रेषांवर गोगलगायी वाढल्या, झुडपं पांढरी पडली, त्यांच्यावर शेवाळ चढलं. दुसऱ्या जोड्या तोंडं पाडून वर येत. नणंद-भावजयीची रेषा तेवढी हिरवीगार, म्हणजे जांभळीगार. बाईंना त्या रेषेचा अभिमान होता. त्या कधी तसं म्हणाल्या नाहीत, पण घरात भिंतीवर त्यांनी निवृत्तीचं मानपत्र उतरवून त्या रेषेचा फोटो लावला, यावरून काय ते समजावं.

मग एक दिवस संशोधिका केस कापायला आली. तिला मोठ्या शहरात जाऊन या कामाविषयी बोलायचं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या तिने आरशातून वहिनीकडे बघितलं.

"वहिनी, तुमच्या रेषेनं कमाल केली हो. ती गोगलगाय तुमच्या प्रवाळाला तोंडच लावत नाही. वाढतच नाही तिथे. काहीतरी आहे त्याच्यात."

"काहीतरी म्हणजे?"

"जातच चिवट असणार. आता मी ठरवलंय, तुमच्या रेषेवरच्या फांद्या छाटायच्या आणि मेलेल्या रेषांवर नेऊन लावायच्या. सगळे स्वयंसेवक दोन वर्षं तेच करतील. दुसऱ्या खुंटीजवळचं ते गोल आहे ना, सुरुवात त्याच्यापासून."

वहिनीच्या हातातली कात्री थांबली. डोकं अर्धं कापून झालं होतं, आणि अर्ध्या डोक्याच्या माणसाला असली गोष्ट सांगू नये एवढं तिला कळत होतं. तिने उरलेले केस कापले, यंत्राला दोन थपडा मारल्या, मान झाडून दिली. संशोधिका गेली. जाताना ती कुंड्यांकडे बघून हसलीसुद्धा.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण विचारतंय तुला?"

"अहो, त्या फांद्या तिकडे नेऊन लावल्या की महिन्यात फस्त होतील. चिवट कसल्या, मी वेचते म्हणून टिकल्यात. सगळ्यांची दोन वर्षं पाण्यात."

"मग सांगून टाक."

"सांगितलं तर रेषा गेली. माझी जाऊ दे हो, वन्संची. त्यांना दुसरं आहे काय?"

अडचणीत आला की नवरा स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागायचा, तसा लागला. वहिनीला भीती वाटत होती, आणि ती संशोधिकेची नव्हती. लग्न होऊन आल्यापासून जी बाई तिच्या कामात चूक काढत आली, तिने या एका कामात कधी काढली नव्हती.

सकाळी ती नणंदेकडे गेली. बाई पाटी धुवून उन्हात ठेवत होत्या.

"वन्सं, मी आपल्या रेषेवरच्या गोगलगायी काढत आलेय."

"काढत म्हणजे?"

"वेचून. चिमट्यानं. पहिल्या वर्षापासून. आकडे खरे आहेत हो सगळे, आधी मोजून मग..."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. वर्गात कॉपी सापडल्यावर त्या अशाच बघत, म्हणतात.

"आकडे खरे," त्या म्हणाल्या. "दर वेळी तू झाडून ठेवायचीस आणि पुढच्या वेळी किती कचरा आहे ते मोजायचीस. खरे नाही तर काय."

"चुकलं माझं."

"तो फोटो मी भिंतीवर लावलाय, वहिनी." एवढं बोलून त्या आत गेल्या. वहिनीला वाटलं आता दार लागणार. पण बाई चपला घालून बाहेर आल्या. "चल. आधी तुझ्या दुकानात."

दुकानात त्यांनी एक कुंडी उचलली, रोपासकट कडेवर घेतली, आणि संशोधिकेच्या खोलीपर्यंत तशाच चालत गेल्या. वहिनी मागे. संशोधिकेने सगळं ऐकलं आणि आधी हसली. दोनचार गोगलगायी काढल्याने काही होत नसतं, असं म्हणाली. तेव्हा बाईंनी कुंडी तिच्या टेबलावर उपडी केली. माती थोडी आणि शंख फार, असा ढीग कागदांवरून घरंगळत जमिनीवर गेला.

"अशा सहा आहेत," बाई म्हणाल्या.

संशोधिकेचं हसू गेलं. ती रागावली, आणि रागावायचा तिला हक्क होता. शहरातलं भाषण नव्याने लिहावं लागणार होतं. छाटणी रद्द झाली. ती रेषा इतरांच्या तुलनेतून काढली. मग एक शंख बोटांत फिरवत ती म्हणाली, "रेषा बंद करत नाही मी. आता कोणी हात लावला नाही तर तिचं काय होतं, ते तरी कळेल. पण खरंच लावायचा नाही. डोळ्यांदेखत खाल्लं तरी. जमणार आहे का?"

प्रश्न वहिनीला होता. उत्तर बाईंनी दिलं. "यापुढे फीत ती लावेल. मागून मी मोजेन."

वहिनीला ते लागलं. चोराला राखणीवरून काढतात तसं वाटलं तिला. पण बोलायला तोंड नव्हतं. घरी जाऊन तिने जाकिटाच्या खिशाचं तोंड शिवून टाकलं आणि चिमटा पुन्हा दुकानाच्या खणात ठेवला.

पुढच्या मोजणीला त्या दोघी उतरल्या तेव्हा होडीत फारसं बोलणं झालं नाही. तसं एरवीही होत नसे, पण एरवी वहिनी एकटी बोलायची.

खाली पाणी स्वच्छ होतं. वहिनीने फीत ताणली, फितीखालचं लिहिलं, पुढच्या खुंटीकडे गेली. मागे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बघितलं तर हात आवरणार नाहीत. शेवटच्या खुंटीला फीत अडकवून मात्र तिला वळावंच लागलं, कारण जोडीदार दिसत नव्हती.

बाई दुसऱ्या खुंटीपाशीच होत्या. त्या गोल प्रवाळाच्या समोर, डोकं खाली, पाय वर. वहिनी जवळ गेली. जांभळ्या फांद्यांत तळहाताएवढा पांढरा डाग पडला होता, आणि डागाच्या कडेने गोगलगायी दाटीने बसल्या होत्या. इतकी वर्षं बाईंनी फितीखालचंच प्रवाळ बघितलं होतं. खाणारं तोंड एवढ्या जवळून त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांची पाटी दोरीला लोंबत होती, पेन्सिल सुटून तिच्या दोऱ्यावर तरंगत होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं फांद्यांत शिरली होती.

वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

बाईंनी मान वळवली. काचेआडचे त्यांचे डोळे वहिनीने असे कधी बघितले नव्हते. त्यांत कॉपी पकडणारी बाई नव्हती, पकडली गेलेली पोर होती. वहिनीने मान हलवली. नाही. तिचे स्वतःचे हात शिवशिवत होते, तरी तिने मान हलवली. मग तरंगणारी पेन्सिल पकडून तिने बाईंच्या बोटांत दिली.

बाईंनी मोजलं आणि आकडा लिहिला. वहिनीने पाटीवर नजर टाकली, प्रवाळाकडे बघितलं, आणि आत खोल, दोन फांद्यांच्या बेचक्यात, बोट न टेकवता दाखवलं. तिथे आणखी एक दडलेली होती.

बाईंनी आकडा खोडला आणि एकने वाढवून लिहिला. मग दोघी पुढच्या खुंटीकडे गेल्या.