खाडीचा खेळ

हरेश गेल्यापासून मी त्याच्याबद्दल पुष्कळांशी बोललो आहे. एक गोष्ट सोडून. ती माझ्या बायकोला ठाऊक नाही, त्याच्या घरच्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो — तुम्ही त्याला ओळखत नव्हता, म्हणून कदाचित जमेल.

हरेश उरणच्या कोळ्यांचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो न्हावा शेवा बंदरात कंटेनरचे नंबर टिपायला लागला आणि मी पनवेलमध्ये शिकवायला. माझ्याकडे मामाने कधीकाळी दुबईहून आणलेला एक कम्प्युटर होता — टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर भरायचा. घरोघरी नवे पीसी आलेले. त्याला कोण विचारतं? पण परदेशातले काही हौशी लोक अजून अशा यंत्रांसाठी खेळ लिहितात, त्यांची स्पर्धाही असते, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. मीही एक खेळ पाठवला. अंतराळयान, गोळ्या. नीट चालायचा. त्यावर कुणी एक ओळही लिहिली नाही.

हरेशला प्रोग्रॅम लिहायला मीच शिकवलं. पळस्पे फाट्यावरच्या ट्रकांमधून मोटारसायकल काढत तो रविवारी यायचा. मला मास्तर म्हणायचा. ते मला आवडायचं — हेही सांगायला हवं.

मग पावसाळाभर तो कम्प्युटर त्याने घरी नेला, आणि परत आणला तेव्हा खिशातून एक कॅसेट काढली.

"मास्तर, होडी रुतली तं मना शिव्या देऊ नको."

पडद्यावर खाडी होती. एक होडी, जाळं, आणि पाणी — जे तुमच्यासाठी थांबत नाही. ओहोटी लागली की वाट अरुंद होत जायची. हावरटपणा केला की होडी चिखलात. मग गप्प बसून भरतीची वाट पाहायची. खेळात वाट पाहायला लावायचं — हे कुणाला सुचतं? त्या यंत्राला तपकिरी रंगच नव्हता. त्याने लाल आणि काळे ठिपके एकाआड एक मांडून चिखल केला होता. ओला चिखल. मला वास आल्यासारखं झालं.

मी तीनदा रुतलो. आणि आत काहीतरी — काय म्हणू त्याला? मला आनंद झाला नाही. एवढंच खरं आहे.

"कसा हाय? पाठवू या त्या स्पर्धेला? इंग्रजी तू लिव."

मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "अरे, असा खेळ आहे. जुना. तिकडच्या कुणीतरी केलेला."

"शेम असाच? भरतीपन?"

"भरतीपण."

त्याने कॅसेट काढून खिशात टाकली. मग हसला. "बरा झाला तुला म्हाईत होता. नायतं लोकांनी चोर म्हटला असता मना."

त्याला इंग्रजी वाचता यायचं नाही फारसं. माझ्या शब्दावर त्याने शोधूनही पाहिलं नाही. मी शिकलेला होतो ना?

खेळ भरलेली कॅसेट एकच होती. थोड्या दिवसांनी त्याच्या बहिणीचं लग्न झालं. मांडवात धवल्याची लग्नगीतं गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा आवाज त्याला जपून ठेवायचा होता. त्याने टेपरेकॉर्डर काढला, तीच कॅसेट घातली. मी शेजारी उभा होतो. बटण दाबण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं, "ह्याच्यावर भरू ना? तसा पन काय उपेग नाय." मी मान हलवली. बाई गायला लागल्या. मी शेवटपर्यंत तिथे होतो, ताटावरही बसलो.

त्यानंतर त्याने खेळ लिहिला नाही. मी लिहीत राहिलो — तसेच, कुणाला न आठवणारे.

मागच्या वर्षी तो अचानक गेला. बाराव्याला सगळे म्हणत होते, मास्तरांनी हरेशला किती शिकवलं. मी हात जोडत होतो. त्याची मुलगी आता कम्प्युटर शिकते. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, पप्पांनी स्वतःचा एखादा गेम बनवला होता का हो? काहीतरी त्यांचं असेल तर मला बघायचंय."

तेव्हा तरी? हरेश नव्हता, स्पर्धा नव्हती, मला हरवणारं कुणीच उरलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणालो. "आम्ही नुसते शिकत होतो."

खेळ त्याचा होता. तसा दुसरा मी तेव्हा पाहिलेला नव्हता, नंतरही नाही.